भिकाजीचे अकरा सेकंद

सिनेमा सुरू होऊन एक तास चार मिनिटं झाली होती. कल्पितासमोरच्या पडद्यावर एक म्हातारा आला, आणि तिने सवयीने टाइप केलं : वृद्ध, मच्छीमार, गुन्ह्यात सामील. एंटर दाबलं. आणि मग तिच्या लक्षात आलं की हा आपला बाप आहे. क्रम हा असा होता, आणि पुढे कितीतरी दिवस तिला छळलं ते या क्रमानेच. आधी बाप ओळखला असता आणि मग बोटं थबकली असती, तर ते माणसासारखं झालं असतं. पण बोटांनी काम उरकलं, डोळे मागून पोचले. तिने सिनेमा थांबवला. भिकाजी किनाऱ्यावर जाळं मांडीवर घेऊन बसला होता, डोक्यावर ती लाल कानटोपी, एक हात हवेत अर्धा उचललेला. त्याला जाऊन एक वर्ष सात महिने झाले होते. ऑफिसात शेजारच्या खुर्चीवर प्रांजल चिवडा खात कुठली तरी सासू-सुनेची मालिका बघत होती, एसीचं पाणी बादलीत ठिबकत होतं, आणि कल्पिताला काहीच झालं नाही. रडू आलं नाही, छातीत धडधडलं नाही. फक्त हेडफोनमध्ये थांबलेल्या संगीताची एक बारीक घरघर राहिली होती, ती तिने कान देऊन ऐकली.

चकाल्याच्या काचेच्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर सोळा जणं दिवसभर सिनेमे बघतात आणि त्याचे पैसे मिळतात, हे बाहेर कुणाला सांगितलं की लोक म्हणतात, मजा आहे यार तुमची. मजा कसली डोंबलाची. घरोघरी टीव्हीवर लागणारे सिनेमे लागण्याआधी यांनी बघायचे आणि मिनिटामिनिटाला खुणा भरायच्या. कोण आहे, कुठे राहतो, काय करतो, रक्त किती, शिव्या किती. एखाद्या जातीची, धर्माची, वस्तीची बदनामी वाटली तर शेवटच्या रकान्यात हरकत नोंदवायची. हरकत वर जाते, वरचे बघतात, पटलं तर तेवढा तुकडा कापतात. कल्पिताला हे काम शिकवलं संघमित्राने. ही भांडुपची, टेंभीपाड्याच्या चढावर राहणारी, कमी बोलणारी बाई. पहिल्याच दिवशी तिने सांगितलं होतं, "थ्रिलर असला ना, तर माणसाकडे नंतर बघ. आधी त्याच्या घराकडे बघ. खुनी कोण ते घरच सांगतं." आणि खरंच तसं होतं. खुनी जुहूच्या बंगल्यातला असला तर त्याला मोठी खिडकी असते, खिडकीबाहेर समुद्र असतो, टेबलावर गोळ्यांची बाटली असते, आणि लहानपणी त्याच्या बापाने त्याला मारलेलं असतं. त्याला कारण मिळतं. कोळीवाड्यातल्या खुन्याला कारण लागत नाही. सुकत घातलेले बोंबील दाखवले, त्यामागून कोयता घेऊन माणूस आला, की झालं. बघणाऱ्याला पटतं. भिंतीवर क्रूस असला की खाली बाटली असणार, हवालदार असला की त्याचं आडनाव मराठी असणार आणि त्याच्या तोंडात घास असणार. समुद्र मात्र तोच. बंगल्यातून तो बघायला असतो, कोळीवाड्यातून प्रेतं टाकायला. सहा वर्षांत कल्पिताने असे ऐंशीच्या वर सिनेमे बघितले, त्यातले एकोणीस कोळीवाड्यातले. एकोणीस वेळा तिने शांतपणे खुणा भरल्या आणि संध्याकाळी वर्सोव्याला बोटीत बसून मढला, त्याच कोळीवाड्यात, घरी गेली. हरकत एकदाही नोंदवली नाही. संघमित्राने एकदा विचारलं होतं, तुला काही वाटत नाही का गं? कल्पिता म्हणाली, सिनेमा आहे तो. हे तिला तेव्हा खरंच वाटायचं.

तिने तो तुकडा मागे नेला. जुहूच्या बंगल्यातली मुलगी पळवून कोळीवाड्यात आणलेली आहे. दोन माणसं तिला खाडीच्या कडेला धरून उभी आहेत, कुणाच्या तरी हुकमाची वाट बघत. मग भिकाजी. तो खाली बघत जाळ्याची गाठ मारतोय. मान वर करतो. डोळे बारीक करून लांब कुठे तरी बघतो. मग उजवा हात उचलतो, पंजा पालथा, आणि तो पंजा हवेतच दोनदा खाली दाबतो. सावकाश, एकदा, दोनदा. लगेच पाण्यात मुलीचं डोकं. एकदा दाबलं जातं, दोनदा दाबलं जातं. खालून ढोलासारखा आवाज, पंजाच्या प्रत्येक दाबाला एक. कापणाऱ्याचं कौतुक करावं इतकं बेमालूम बसवलं होतं. भिकाजी पडद्यावर एकूण अकरा सेकंद होता, आणि त्या अकरा सेकंदांत त्याने एक मुलगी मारवली होती. कल्पिताने तो तुकडा एकेक चौकट पुढे सरकवत बघितला, तशी सहाव्या सेकंदाला चौकटीच्या डाव्या कडेला बोटीचं नाक दिसलं आणि त्यावर एक धुरकट नारिंगी ठिपका. तो ठिपका म्हणजे ती स्वतः होती. नारिंगी ओढणी. शूटिंगच्या त्या दिवशी ती अर्ध्या दिवसाची रजा टाकून दुपारच्या बोटीने आली होती. ओहोटी होती, बोटीतून उतरायची फळी शेवाळाने बुळबुळीत झाली होती. बारावीत असताना ती त्याच फळीवरून घसरून पडली होती आणि मनगट मोडून घेतलं होतं. तेव्हापासून बाप किनाऱ्यावर असला की दुरूनच हात करायचा, पंजा पालथा, दोनदा. सावकाश. सावकाश उतर. ती सदतीस वर्षांची झाली, चष्मा लागला, तरी हा हात करायचा. बोटीतल्या लोकांसमोर तिला शरम वाटायची. ती मुद्दाम तिकडे बघायची नाही, पायाखाली बघून उतरायची. त्या दिवशीही बघितलं नव्हतं. आता ते इथे दिसत होतं, चकाल्याला, तिसऱ्या मजल्यावर.

शूटिंग दोन वर्षांपूर्वीचं, दिवाळीनंतरचं. मढला शूटिंगचं कुणाला अप्रूप नाही, बंगले तर त्यासाठीच भाड्याने जातात. पण कोळीवाड्यात, आणि तेही आपल्या दारात, म्हटल्यावर कल्पिताची आई सरूबाई हरखून गेली होती. सिनेमावाल्यांनी तिचं घर पसंत केलं आणि पहिल्या दिवशी काय केलं, तर नारळी पुनवेला रंगवलेल्या गुलाबी भिंतीवर स्पंजने काळा आणि तपकिरी रंग थोपला. ओल आल्यासारखा, शेवाळ चढल्यासारखा. उंबऱ्यावर चहाचं पाणी ओतलं. रंग धुतल्यावर निघतो, काळजी करू नका मावशी, असं त्यांच्यातला एक चांगला बोलणारा माणूस म्हणाला, आणि सरूबाईने त्यातलं पहिलंच वाक्य तेवढं मनावर घेतलं. दुसऱ्या दिवशी उजाडताना उठून तिने साबण आणि काथ्या घेऊन सगळी भिंत घासून लख्ख केली, उंबरा पुसला, वर रांगोळी काढली. पाहुणे येणार होते ना. सिनेमावाले आले ते कपाळाला हात लावून खाली बसले. कालचं अर्धं दृश्य काळ्या भिंतीसमोर घेतलेलं, आणि आज भिंत गोरीपान. चांगला बोलणारा माणूस म्हणाला, "मावशी, या घरात काल खून झालाय." सरूबाई म्हणाली, "मग? खून झाला म्हनून भिंत धुवायची नाय? खून करनारा काय घान तशीच ठेवंल?" पुन्हा भिंत काळी करायला दुपार झाली. त्या रिकाम्या वेळात कॅमेरा असाच लांब ठेवून ते किनाऱ्यावरचं काहीबाही टिपत बसले. जॉनी अंकलच्या हातात बाटली दिली, आत कोरा चहा, आणि झिंगल्यासारखं चालायला सांगितलं. जॉनी अंकल चर्चमध्ये घंटा वाजवणारा माणूस, थेंबाला शिवत नाही, पण असा झकास झिंगला की त्याच्या बायकोने, आयडा आंटीने, संध्याकाळी त्याचं तोंड हुंगून बघितलं. भिकाजीला कुणी काही सांगितलंच नाही. तो जाळं शिवत होता आणि लेकीची बोट येत होती, एवढंच. म्हणजे आईने भिंत धुतली नसती तर बाप त्या सिनेमात आलाच नसता. हे कल्पिताला आत्ता कळलं आणि तिला जरा हसू आलं, कसलं ते तिचं तिलाच माहीत.

घरी गेली तर सरूबाईचा प्रश्न दारातच. "कवा लागनार गो तो पिच्चर?" गेलं वर्षभर ती हे विचारत होती. मासळी विकायला जायची त्या मालाडच्या बाजारात गिऱ्हाइकांना सांगायची की आमचा माणूस पिच्चरमध्ये हाय. हाय, असंच म्हणायची, होता म्हणायची नाही. सिनेमावाल्या त्या चांगल्या बोलणाऱ्या माणसाने जाताना सांगितलं होतं की काकांचा एक शॉट फार सुंदर आलाय. पाच महिन्यांनी भिकाजीला अर्धांगाचा झटका आला, उजवी बाजू गेली, आणि नवव्या दिवशी तो गेला. मागे फोटो राहिले चार. हलणारं चित्र एकही नाही. मोबाइल समोर धरला की तो उठून जायचा, म्हणायचा मी काय मेलोय काय. एका लग्नाच्या व्हिडिओत त्याची पाठ आहे, तीसुद्धा जेवणाच्या पंक्तीत. सरूबाईला तो हलताना बघायचा होता. एवढी एकच गोष्ट तिने लेकीकडे मागितली होती, आणि तीही लेक सिनेमाच्या हापिसात आहे म्हणून. कल्पिता म्हणाली, "लागेल, महिन्याभरात." सरूबाई म्हणाली, "तुना बघितलाय काय?" कल्पिता नाही म्हणाली. कामाचं बाहेर बोलायचं नाही असा नियम होता, तो अशा वेळी बरा पडतो. जेवताना तिने आईकडे बघितलं. काटा काढताना आई मान जराशी तिरकी करते. ही बाई टीव्हीसमोर बसणार. नवरा दिसणार. नवरा हात उचलणार आणि पाण्यात एका पोरीचं डोकं दाबलं जाणार, तिच्याच गुलाबी घरामागच्या खाडीत. आणि मग बाजारात गिऱ्हाइकं विचारणार, सरूबाय, तो खुनाचा इशारा करणारा तुझा काय गं?

त्या आठवड्यात तिने तो तुकडा चाळीस वेळा बघितला. वेळ नोंदवायला दोनदा बघितला तरी पुरतो. ती सकाळी आल्याआल्या बघायची, जेवणाआधी बघायची, निघताना बघायची. आवाज बंद करून बघितला तर बाप बाप वाटायचा, मग ती आवाज चालू करायची, का कोण जाणे. ढोलावर पंजा खाली यायचा. दहाव्या सेकंदाला भिकाजीच्या ओठांचं काहीतरी होत होतं. हात खाली येताना ओठ डावीकडे जरासे ताणले जायचे. सिनेमात ते क्रूर दिसत होतं, माणूस मारवून समाधान पावल्यासारखं. तो हसत होता का? चौकट मोठी केली की ओठांचे चौकोन चौकोन व्हायचे. तिने आठवून बघायचा प्रयत्न केला की त्या दिवशी फळीवरून उतरल्यावर, वाळूत त्याच्यापाशी पोचल्यावर तो काय म्हणाला होता. जेवलीस काय, असं म्हणाला असेल. नेहमी म्हणायचा. पण आठवत काहीच नव्हतं, पायाखालची हिरवी फळी तेवढी आठवत होती.

शुक्रवारी तिने शेवटचा रकाना भरला. मच्छीमार समाजातील वृद्ध व्यक्ती विनाकारण हत्येत सामील दाखवली आहे, समाजाची बदनामी, अकरा सेकंद वगळावेत. कथानकाला बाधा नाही. शेवटचं वाक्य महत्त्वाचं असतं, त्यावरच कापतात. हरकतीवर संघमित्राची सही लागायची; तिने छापलेला कागद वाचला, चष्मा काढला. "एकोणीस कोळीवाडे सोडलेस, विसावा धरलास." "हो." "त्यातही कोयतेवाला चालेल, बाटलीवाला चालेल, अख्खी वस्ती चालेल. एक म्हातारा नको." संघमित्राने तो तुकडा स्वतः लावून बघितला, एकदाच. मग तिने कल्पिताच्या नाकाकडे बघितलं, हनुवटीकडे बघितलं. बाप कुणाचा ते भांडुपच्या बाईला सांगावं लागत नाही. ती म्हणाली, "आईला विचारलंस?" "काय विचारू? तिला आधी दाखवू कसं?" "दाखवू नको. सांगता येतं की." कल्पिता म्हणाली, "तिला कळणार नाही." हे बोलताना तिला स्वतःचाच राग आला, कारण हेच वाक्य तिने एकोणीस सिनेमांत बंगल्यातल्या माणसांच्या तोंडून ऐकलं होतं, कोळणीबद्दल, कामवाल्या बाईबद्दल, वॉचमनबद्दल. पण राग आला तरी कागद परत मागितला नाही. संघमित्राने सही केली. आठ दिवसांनी वरून उत्तर आलं, हरकत मान्य. मूळ प्रत नेहमीप्रमाणे ऑफिसातून पुसली गेली.

सिनेमा लागला तो रविवारी दुपारी जॉनी अंकलकडे, कारण त्यांचा टीव्ही मोठा. पंधरा-वीस जणं जमली, आयडा आंटीने केक कापून ठेवला होता. सरूबाई जरीकाठाचं लुगडं नेसून, केसांत अबोलीचा वळेसर माळून अगदी पुढे बसली. कल्पिता दाराशी. कुणाला राग येईल, कुणी उठून जाईल, असं तिला अर्धवट वाटत होतं. तसं काहीच झालं नाही. वस्ती दिसली तशी सगळी खूश. अरे ती आपली गल्ली. अरे ते आपल्या धोंडिरामचं इंजिन. जॉनी अंकल बाटली घेऊन झिंगत आला तेव्हा तर हसून हसून पोटं दुखली, आयडा आंटी म्हणाली, बघा, चर्चमध्ये फादरला आता मी काय तोंड दाखवू. कोयतेवाला बोंबलांच्या आडून निघाला तर पुढे बसलेली एक म्हातारी म्हणाली, बोंबील कच्चे हायत अजून, त्याच्यात कुठं लपतो मेला. काळी भिंत दिसली आणि सरूबाई सगळ्यांकडे वळून म्हणाली, "माजी भिंत. रंग लावलाय, नायतर अशी नाय." हे ती कळवळून म्हणाली. मग पुढे वळली आणि वाट बघू लागली. एक तास चार मिनिटं, जाहिराती सोडून. कल्पिताचं घड्याळाकडे लक्ष होतं. मुलीला खाडीच्या कडेला आणलं, दोन माणसं उभी, आणि लगेच डोकं पाण्यात. मध्ये काही नव्हतंच कधी, इतकं साफ. कथानकाला बाधा नव्हती. सरूबाई बघत होती. सिनेमा संपला, खुनी सापडला, जुहूच्या बंगल्यात दिवे लागले, पांढरी नावं खालून वर चढू लागली, लोक केक घ्यायला उठले, तरी ती नावांकडे बघत बसली होती. जॉनी अंकल म्हणाला, "सरूबाय, ते लोक शूट करतात ढीगभर, अर्धं फेकून देतात." सरूबाई म्हणाली, "सगली आयली. तोच नाय आयला."

घर चार पावलांवर. उन्हाने वाळू तापलेली, चपला घालून दोघी चालल्या. घरात शिरल्यावर सरूबाईने वळेसर काढून ठेवला, आणि कल्पिताने उभ्याउभ्याच सांगून टाकलं. तो होता. मी बघितला होता. त्यांनी त्याचा हात घेऊन पोरीला मारायच्या जागी लावला होता, बाबा तिला मारायचा इशारा करतोय असं दिसत होतं, म्हणून मी काढायला लावला. अकरा सेकंद. तिने ते सगळं एका दमात सांगितलं. सरूबाई खाटेवर बसली. कल्पिताला वाटलं होतं ती रडेल, किंवा पोरी, बरं केलंस म्हणेल. यातलं काय व्हावं असं वाटत होतं तेही तिला ठाऊक नव्हतं. सरूबाई म्हणाली, "तुना कोनी सांगितलं काढायला?" "आये, तो खुनी दिसत होता." "दिसू दे ना." "लोक काय म्हणाले असते?" "लोकांनी जॉनीला बेवडा बघितला, हसले, केक खाल्ला. मना काय येडी समजलीस? मना ठाव नाय तुजा बापूस काय होता ते?" आवाज चढला नव्हता. "चोर तर चोर. खुनी तर खुनी. दिसला असता ना मना." बाहेर कुणी तरी इंजिन चालू करून बघत होतं, ते दोनदा बंद पडलं. कल्पिता उभीच होती. बसायला कुणी सांगितलं नव्हतं.

शेवटी सरूबाईनेच विचारलं, "हात कंचा वर केलता?" "उजवा." ती मान डोलावत राहिली. त्या नऊ दिवसांत उजवा हात तिनेच उचलून उशीवर ठेवला होता, पुसला होता, चोळला होता. "सांग मना," ती म्हणाली. "पयल्यापासून सांग." तेव्हा कल्पिता तिच्याशेजारी बसली आणि सांगू लागली. जाळं मांडीवर होतं. लाल कानटोपी होती. खाली बघून गाठ मारत होता, मग मान वर केली. डोळे बारीक केले, बोट येत होती, मी होते बोटीत. हात उचलला. सावकाश उतर म्हणतो ना, तसा. इथवर तिने चांगलं सांगितलं. पण हात खाली येऊ लागला तसा तिच्या कानात ढोल वाजला, एक, आणि पंजाखाली पाण्यात केस पसरले. ती थांबली. पुन्हा मागे जाऊन सांगायला गेली, मान वर केली, डोळे बारीक केले, हात उचलला, आणि पुन्हा ढोल. फळी, ओढणी, वाळू काही केल्या येईना. बापाच्या त्या पालथ्या पंजाचं बोटन्बोट पाठ झालेलं चित्र आता जगात तिच्या एकटीकडे होतं, आणि ते तिच्याकडे त्या मेलेल्या पोरीसकट होतं. कुठून कापायचं तिला कळेना.

"मंग?" सरूबाई म्हणाली. "हात केला. मंग तुज्याकडं बघून हसला काय?"

कल्पिताने डोळे मिटले. ओठ डावीकडे ताणले गेले. तिने पुष्कळ निरखून बघितलं.

"हसला," ती म्हणाली.

सरूबाईने पदराने तोंड पुसलं आणि चुलीकडे गेली. कल्पिता तिथेच बसून राहिली, हसला तो कोण, किनाऱ्यावरचा बाप की सिनेमातला म्हातारा, ते ठरवत.